कुत्र्याला बर्फ : एका इशाऱ्याचे परीक्षण

दर वर्षी एप्रिल उजाडला, की एक इशारा हातोहात फिरू लागतो. 'उन्हाळ्यात कुत्र्याला बर्फ किंवा बर्फाचे पाणी मुळीच देऊ नका. त्याचे पोट फुगून जीव जाईल.' नगर-सोलापूर रस्त्यावरील मिरजगाव (ता. कर्जत, जि. अहिल्यानगर) येथील एका शिक्षकांनी हा मजकूर आमच्याकडे पाठवला आहे. त्यांच्या शाळेच्या फलकावर तो तीन दिवस लिहिलेला होता. चौथ्या दिवशी नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, मग आम्ही गोळा खातो तेव्हा आम्हाला का काही होत नाही?" सरांनी वेळ मारून नेली नाही. उत्तर माहीत नाही असे सांगून प्रश्न आमच्याकडे धाडला.

पुस्तकांची परीक्षणे आपण नेहमी वाचतो. पण कोणत्याही पुस्तकापेक्षा कितीतरी अधिक वाचले जाणारे असे आठ-दहा ओळींचे मजकूर कोणी तपासत नाही. म्हणून या वेळी हाच मजकूर आम्ही परीक्षणाला घेतला आहे.

मजकुराची बांधणी मोठी चतुर आहे. आधी एक हकीकत : कुत्र्याच्या प्रदर्शनाहून परतल्यावर मालकाने पाण्यात बर्फ घालून दिला, थोड्याच वेळात कुत्र्याचे पोट फुगले आणि त्याला शस्त्रक्रियेसाठी न्यावे लागले. मग डॉक्टरांचा हवाला. मग कारण : थंडगार पाणी पोटात गेले, की शरीराची 'फसगत' होते, ते आतून उष्णता निर्माण करू लागते आणि जठराला पेटके येतात. मूळ मजकूर इंग्रजी आहे आणि पंधरा वर्षांहून अधिक काळ तो दर उन्हाळ्यात नव्याने डोके वर काढतो आहे. हकीकत खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण त्या दिवशी कुत्रे प्रवास करून आले होते, दमले होते, तहानले होते आणि घटाघटा प्यायले होते. एवढ्या सगळ्या गोष्टींतून एकट्या बर्फाला गुन्हेगार कसे ठरवले, हे मजकूर सांगत नाही. एका घटनेवरून नियम काढण्याची ही खोड आपल्या प्रयोगवहीतही आढळते, हे शिक्षकांना सांगायला नको.

मराठी रूपांतरात आणखी एक घोटाळा झाला आहे. मूळ शब्दासाठी 'पोटफुगी' हा शब्द वापरल्यामुळे कर्जत-जामखेड भागातल्या वाचकाला तो लगेच पटतो. ओला लसूणघास भरपूर खाल्लेल्या गाईची पोटफुगी त्याने पाहिलेली असते. पण तिथे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात किण्वनाने फेसाळ वायू साठतो. कुत्र्याचा आजार वेगळा. त्याचे जठर वायूने फुगते आणि स्वतःभोवती पीळ खाते. पीळ पडला की वायू बाहेर पडायचा मार्ग आणि रक्तपुरवठा दोन्ही अडतात, आणि काही तासांत कुत्रे दगावू शकते. आजार खरा आहे आणि भयंकर आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात लॉरेन्स ग्लिकमन आणि सहकाऱ्यांनी मोठ्या चणीच्या ११ जातींच्या दीड हजारांहून अधिक कुत्र्यांवर नजर ठेवली. त्यांचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. या व इतर पाहण्यांतून जी कारणे पुढे आली ती अशी : खोल व अरुंद छाती, वाढते वय, आईबाप किंवा भावंडांत हाच आजार, भराभर खाणे, दिवसातून एकदाच भरपेट जेवण, भित्रा स्वभाव. या यादीत बर्फ नाही.

खोल छातीचा मुद्दा आपल्या भागात महत्त्वाचा आहे. दख्खनच्या पठारावरचा कारवान जातीचा कुत्रा नेमका याच बांध्याचा असतो. असा कुत्रा पाळणाऱ्याला द्यायचा इशारा म्हणजे, 'एकदाच टोपलीभर भाकरी टाकू नका, दोन वेळा थोडी थोडी घाला.' तो इशारा मात्र कोणी फिरवत नाही.

आता 'फसगती'कडे वळू. मजकुरात एकही आकडा नाही. तो आपण घालून पाहू. दहावीच्या विज्ञानातील उष्णतेचा धडा एवढी सामग्री पुरेशी आहे.

कुत्र्याचे वजन २० किलो धरा. सजीवाच्या ऊतींची विशिष्ट उष्माधारकता पाण्यापेक्षा थोडी कमी, सुमारे ०.८३ असते. म्हणजे त्याचे तापमान एक अंश उतरवायला साधारण १६,६०० कॅलरी काढून घ्याव्या लागतील. बर्फाचा एक खडा २० ग्रॅमचा. तो वितळताना २० × ८० = १,६०० कॅलरी घेतो. त्याचे पाणी शून्यापासून कुत्र्याच्या ३९ अंशांपर्यंत तापताना आणखी ७८० घेते. एकूण २,३८०. म्हणजे खडा पोटात गेला, तर कुत्रे एका अंशाच्या जेमतेम सातव्या हिश्शाने निवते. एवढ्याशा फरकाने चाळीस अंशांच्या वर गेलेल्या शरीराला 'थंडी वाजते आहे' असा भ्रम व्हावा, हे संभवत नाही. शरीराचा तापमान-नियंत्रक मेंदूत आहे आणि तो मुख्यतः तेथून वाहणाऱ्या रक्ताचे तापमान मोजतो.

तेच २० ग्रॅम पाणी कुत्र्याने साधे पिऊन जिभेवरून उडवले तर? पुस्तकात बाष्पनाचा अप्रकट उष्मा ५४० दिला आहे, तो १०० अंशांना. शरीराच्या तापमानाला तो ५७५च्या आसपास भरतो. २० × ५७५ = ११,५०० कॅलरी. म्हणजे बर्फाच्या जवळजवळ पाचपट! (अर्थात वितळलेला बर्फही पुढे पाणीच होतो आणि उडतो. तो वाया जात नाही.) मिरजगावात हे कोणाला नवीन नाही. माठ बर्फाने गार होत नाही, पाझरण्याने होतो. आणि दुपारी दोन वाजता गावातली कुत्री रांजणाखालच्या ओल्या मातीत पोट टेकून पडलेली असतात, ती उगाच नव्हे.

कुत्र्याला घाम जवळपास येतच नाही. पंजांच्या गाद्यांना येतो तेवढाच. त्याचा माठ म्हणजे त्याचे नाक आणि तोंड. श्मिट-नील्सेन आणि सहकाऱ्यांनी १९७० साली दाखवले, की धापा टाकणारे कुत्रे हवा बहुतांशी नाकाने घेते आणि तोंडाने सोडते. नाकातल्या ओल्या, घडीदार पृष्ठभागावरून कोरडी हवा एकाच दिशेने वाहत राहते. क्रॉफर्ड यांनी त्याआधी, १९६२ साली, धापांचा वेग मोजला होता : मिनिटाला तीनशेच्या वर. हा वेग श्वसनसंस्थेच्या नैसर्गिक कंपनवारंवारतेशी जुळतो. झोपाळ्याला योग्य वेळी हलका धक्का द्यावा तसे हे काम कमी श्रमात होते, नाहीतर धापांनीच कुत्रे तापले असते. एप्रिलच्या कोरड्या हवेत ही यंत्रणा उत्तम चालते. पावसाच्या तोंडावर हवा दमट झाली, की ती लंगडी पडते. तेव्हा पारा उतरलेला दिसला तरी बेफिकीर राहू नये.

मजकुराला न्याय द्यायचा तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. पोटातल्या थंडीची दखल शरीर अजिबात घेत नाही, असे नाही. मॉरिस, जे आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली माणसांवर प्रयोग केले. पाणी तोंडातून न देता नळीने थेट जठरात सोडले, तरी थंड पाण्याने घाम कमी झाला. म्हणजे पोटातच तापमान ओळखणारी ग्राही स्थाने आहेत. २०१६च्या प्रयोगात तर व्यायाम करताना बर्फाचा चुरा घेतलेल्यांचा घाम इतका कमी झाला, की बर्फाने मिळालेला थंडावा त्यात पुसला गेला. इशाऱ्यातले सत्य असलेच तर एवढेच : बर्फाचा फायदा वाटतो त्याहून कमी असतो. त्यापासून 'जीव जाईल'पर्यंत जायला मजकुराने जी उडी मारली आहे, तिला आधार नाही.

हे सगळे निरुपद्रवी असते तर आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. पण सरांच्या पत्राचा उत्तरार्ध वेगळा आहे. गेल्या मे महिन्यात एका मेंढपाळाचे कुत्रे भर दुपारी रस्त्याच्या कडेला कोसळले. मुलांनी जवळच्या रसवंतीगृहातून थंड पाण्याचा जार आणला. तेवढ्यात एका जाणत्या माणसाने त्यांना अडवले : थंड पाणी लावू नका, मरेल ते. कुत्र्यावर ओले पोते टाकले आणि सगळे गाडीची वाट पाहत बसले. दवाखान्यात पोहोचेपर्यंत कुत्रे गेले होते. पाणी ओतले असते तर ते वाचलेच असते, असे आम्ही म्हणू शकत नाही. पण मुलांचे चुकले नव्हते, एवढे नक्की.

इथे आम्हांलाही कबुली द्यायची आहे. पूर्वी व्याख्यानांतून आम्हीही सांगत असू, की उष्माघात झालेल्या जनावराला थंड नव्हे, कोमट पाणी लावावे. थंड पाण्याने त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच कोंडते, हे त्यामागचे तर्कशास्त्र. ते ऐकायला बरोबर वाटते. रक्तवाहिन्या आकसतातही. पण पाणी आणि शरीर यांच्या तापमानात फरक मोठा असला, की तो आकसण्यावर मात करतो. अमेरिकेतील फालमाउथच्या शर्यतीत १८ वर्षांत उष्माघात झालेल्या २७४ धावपटूंना बर्फाळ पाण्याच्या टबात बसवले गेले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार ते सगळे वाचले. कुत्र्यांसाठी लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजचा आजचा सल्ला 'आधी थंड करा, मग न्या' असा आहे. कुत्र्यापेक्षा थंड असेल ते कोणतेही पाणी चालते. तरुण, धडधाकट कुत्र्याला डोके वर धरून पाण्यात बसवावे. म्हाताऱ्या किंवा आजारी कुत्र्यावर पाणी ओतून वारा घालावा. वर टाकलेले ओले पोते लवकरच गरम होते आणि वारा अडवते. ब्रिटनमधल्या २०१६ ते २०१८ च्या नोंदींत, दवाखान्यात नेण्याआधी थंड केलेली कुत्री पाचात एकच निघाली. म्हणजे अज्ञान काही आपल्याकडेच आहे असे नाही.

इशाऱ्याला उत्तर म्हणून 'बर्फ अगदी सुरक्षित' असे सांगणारेही भेटतात. तेही घाईचेच. कडक खडा चावताना कुत्र्याच्या मोठ्या दाढेचा टवका उडू शकतो. लहान कुत्र्याच्या घशात खडा अडकू शकतो. म्हणून बारीक चुरा करून पाण्यात टाकावा. बेशुद्ध किंवा झोकांड्या खाणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात बर्फही नको आणि पाणीही नको, ते श्वासनलिकेत जाईल. धडधाकट, शुद्धीवरच्या कुत्र्याने वाडग्यातल्या बर्फाशी खेळावे, चाटावे, यात काही धोका नाही.

राहिला त्या मुलीचा प्रश्न. १०० ग्रॅम बर्फाचा गोळा आणि ५० किलोची मुलगी घेऊन वरचेच गणित करून पाहा. उत्तर ०.३ अंशाच्याही आत येते. गार वाटते ते मुख्यतः जिभेला. काही होत नाही, कारण होण्याजोगे त्यात काही नाही. बर्फ कुठला, हे मात्र बघावे. कारखान्यातल्या लादीचे पाणी पिण्यालायक असतेच असे नाही. म्हणूनच २०१८ साली महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने अखाद्य बर्फात निळा रंग मिसळणे बंधनकारक केले. निळसर दिसणारी लादी मुलीच्या गोळ्यासाठी नाही आणि कुत्र्याच्या वाडग्यासाठीही नाही. कुत्र्याच्या अंगावर ओतायच्या पाण्यात मात्र ती खुशाल फोडून टाकावी.