मानवी हक्कांचे शिक्षण : एका जाहीरनाम्याविषयी

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९ डिसेंबर २०११ रोजी मानवी हक्कांच्या शिक्षणाविषयी एक जाहीरनामा संमत केला. नातीची नागरिकशास्त्राच्या बगरुतची तयारी चालू असताना तो आम्ही सवडीने वाचला. त्यातील दुसरे कलम आम्हांस सर्वांत मोलाचे वाटले. शिक्षण तीन अंगांनी व्हावे, असे ते सांगते : हक्कांविषयी, हक्क पाळून, आणि हक्क वापरता व जपता यावेत म्हणून.

मधले अंग, म्हणजे शिकणाऱ्याचे व शिकविणाऱ्याचेही हक्क राखून शिकविणे, हेच कठीण. आम्ही जन्मभर नर्सिंग केले. रोग्याची लाज राखावी, हे वहीत उतरवून घेतले होते. पण अंगवळणी पडले ते वॉर्डात. एक वयस्क सिस्टर आधी पडदा ओढी, मग विचारी, "बाई, हात लावू का?" इस्राएलात रुग्णहक्कांचा कायदा १९९६ साली झाला; ही सिस्टर त्याच्या पुष्कळ आधीची.

जाहीरनामा उणा पडतो तो येथे. वर्गात मुलाला बोलू दिले जाते की नाही, हे कोणी व कसे पाहायचे, याबाबत तो मोघम आहे. शिवाय तो कोणत्याही सरकारला बंधनकारक नाही. मग उरते पाठांतर. १९४८ च्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' अशा अर्थाचे शब्द होते, ते हंसा मेहता यांच्या आग्रहाने 'सर्व मानव' असे झाले, हेही नातीला ठाऊक होते. (आम्हांस नव्हते!)

पण १९६२ साली मुख्य रब्बीमंडळाने आपल्या लोकांच्या विवाहांवर वंशाच्या चौकशीची अट घातली, १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे यरुशलेमला धरणे धरून बसली, आणि त्याच ऑगस्टमध्ये आपण सर्वार्थाने यहुदीच आहोत असा निर्वाळा क्नेसेतमध्ये झाला, यातले तिने काहीच ऐकले नव्हते.

दोष एकट्या शाळेचा नाही. आमची आत्या त्या धरण्यात होती. ती सांगू लागली की, "पुरे आता ते जुने," असे म्हणून आम्हीच चहा पुढे करीत असू. नातीने विचारले, तेथे लहान मुलेही होती का, रात्री कोठे निजत? आम्हांस सांगता आले नाही. आत्या आता नाही. वाचकांपैकी ज्यांच्या घरी त्या वेळचे कोणी असेल, त्यांनी ऐकून, लिहून या अंकाकडे पाठवावे.