तगणे आणि बंड : 'कॅचिंग फायर'मधील पावाची खूण

त्रयीतील मधला भाग ही कादंबरीकारासाठी नेहमीच अडचणीची जागा असते. वाचकाच्या अपेक्षा पहिल्या भागाने ठरवून टाकलेल्या असतात आणि अखेरचा निवाडा तिसऱ्या भागासाठी राखून ठेवावा लागतो. सुझन कॉलिन्स यांच्या 'द हंगर गेम्स' (२००८) या कादंबरीचा उत्तरभाग 'कॅचिंग फायर' (२००९) याच अडचणीत सापडला आहे, असा आक्षेप घेता येईल. नायिका पुन्हा त्याच रिंगणात उतरते. पुन्हा तेच कॅमेरे, त्याच हत्या. परंतु निवेदनाच्या अंगाने पाहिले तर ही पुनरावृत्ती वेगळ्या कामाला आलेली दिसते. जगून राहणे हेच बंड, हे किशोरवयीनांसाठीच्या डिस्टोपियन कादंबरीचे एक रूढ गृहीतक आहे. हा उत्तरभाग नेमक्या त्याच गृहीतकाची तपासणी करतो.

पहिल्या भागाच्या अखेरीस कॅटनिस आणि पीटा विषारी फळे खाण्याची तयारी दाखवून दोघेही वाचतात. कॅटनिसच्या लेखी ती जीव वाचवण्याची धडपड होती. जिल्ह्यांनी तिचा अर्थ सत्तेला दिलेले आव्हान असा लावला. कृती तिची, अर्थ मात्र इतरांचा, ही फारकत उत्तरभागाच्या आरंभीच प्रस्थापित होते. पंचाहत्तराव्या खेळासाठी कॅपिटॉल आजवरच्या विजेत्यांमधूनच स्पर्धक निवडते आणि विजेत्यांना दिलेले आजन्म अभयाचे वचन मोडते. तगून राहिल्यास सुटका होते, हा या व्यवस्थेचा एकमेव करार होता. तो मोडल्यावर निव्वळ तगण्याला राजकीय अर्थ उरत नाही.

येथे निवेदनतंत्र महत्त्वाचे ठरते. निवेदन प्रथमपुरुषी आणि वर्तमानकाळातले असल्यामुळे कॅटनिसला जे ठाऊक नाही ते वाचकालाही ठाऊक नसते. रिंगणात तिच्या गटाला तिसऱ्या जिल्ह्याचे २४ छोटे पाव मिळतात. ती त्यांच्या वाटणीचा हिशेब मांडते. शेवटी कळते की तो सुटकेचा संकेत होता : जिल्ह्याच्या क्रमांकावरून दिवस ओळखायचा आणि पावांच्या संख्येवरून तास. पहिल्या भागात रूच्या मृत्यूनंतर अकराव्या जिल्ह्याने पाठवलेल्या पावामागची कृतज्ञता तिला तत्काळ उमगली होती. हेमिचने पाठवलेल्या, किंवा न पाठवलेल्या, वस्तूंवरून त्याचे मन ओळखण्यात तर ती तरबेज आहे. अशी मुलगी येथे चुकते, कारण भुकेल्याला पाव आधी अन्न म्हणूनच दिसतो. तगणाऱ्याचे वाचन आणि बंडखोराचे वाचन एकाच वस्तूपाशी वेगळे होते. पॅनेम हे राष्ट्राचे नावच लॅटिनमधील 'भाकरी आणि खेळ' या अर्थाच्या उक्तीवरून आलेले आहे, हे ध्यानात घेतले की या प्रसंगाचे वजन वाढते.

निवेदिकेचे अज्ञान ही केवळ रहस्य टिकवण्याची युक्ती आहे, असे कोणी म्हणेल. मात्र दुसऱ्या वाचनात ही युक्ती उघडी पडून निष्प्रभ होत नाही. प्लुटार्क हेवन्सबीच्या घड्याळावर क्षणभर उमटणारा मॉकिंगजे, मुलाखतीच्या मंचावर एकमेकांचे हात धरून उभे राहिलेले २४ विजेते, कॅटनिसला वाचवण्यासाठी इतरांनी पत्करलेले धोके, ही सारी चिन्हे संहितेत उघडपणे मांडलेली असतात. लेखिका काही लपवत नाही; पाहणाऱ्याचे स्थान दृष्टीला कशी मर्यादा घालते, ते दाखवते.

बंडाविषयीही कादंबरी भाबडी नाही. सतरा वर्षांच्या मुलीला प्रतीक म्हणून वाचवायचे, पण तिला काहीच सांगायचे नाही, हा निर्णय प्रौढांचा आहे. सत्य कळताच कॅटनिस हेमिचचा चेहरा ओरबाडते. या रागाला कादंबरी अपरिपक्वता ठरवत नाही. तिला न विचारता तिचा वापर करण्यात कॅपिटॉल आणि बंडखोर यांचे व्याकरण एकच आहे. 'मॉकिंगजे' (२०१०) या तिसऱ्या भागाचा नैतिक पेच येथेच बीजरूपाने आला आहे.

या मांडणीची मर्यादाही नोंदवली पाहिजे. आठव्या जिल्ह्यातील उठाव कॅटनिसला महापौरांच्या घरातील दूरचित्रवाणीवर ओझरता दिसतो आणि पुढे पळून आलेल्या दोघींच्या तोंडून कळतो. कारखान्यांतील माणसांचे बंड असे वार्तेच्या रूपातच राहते आणि कथनाचा सारा प्रकाश एका व्यक्तीवर पडतो. ज्या निवेदनतंत्राने चिन्हाचा प्रश्न धारदार केला, त्यानेच समूहाला कथनाच्या परिघावर ठेवले.

तरीही अकराव्या जिल्ह्यातील प्रसंगात समूह स्वतः बोलतो. एक म्हातारा रूची धून शिट्टीवर वाजवतो, जमाव तीन बोटे उंचावतो आणि त्या म्हाताऱ्याला गोळी घातली जाते. कॅटनिसने या कृतीचे आवाहन केलेले नसते. चित्रपटांद्वारे जगभर पोहोचलेली हीच खूण थायलंडमध्ये २०१४च्या लष्करी उठावानंतर निषेधकांनी वापरली. त्याच वर्षी नोव्हेंबरात खोन केन येथे पंतप्रधानांसमोर ती करणाऱ्या पाच विद्यार्थ्यांना ताब्यात घेण्यात आले. लोकप्रिय वाङ्मय म्हणून या कादंबऱ्यांकडे दुर्लक्ष करणाऱ्या समीक्षेने या घटनेचा विचार करायला हवा. चिन्हाचा अर्थ ते प्रथम वापरणाऱ्याच्या हाती राहत नाही, हे कादंबरी सांगते; पण त्याची किंमत मात्र ते उचलून धरणाऱ्याला मोजावी लागते, हेही ती विसरू देत नाही.