डोल्या आणि शिलालेख : फारुकी खानदेशाचे दोन पुरावे

खानदेशात मुसलमानी अंमल कसा आला, असे विचारले की आमच्या जळगाव-धुळ्याकडे बहुधा आसा अहिराचीच गोष्ट निघते. नसीरखान फारुकीने बायकामुलांसाठी असीरगडावर आसरा मागितला, आसाने तो दिला, आणि डोल्यांच्या पडद्यांआडून हत्यारबंद शिपाई उतरले. गोष्ट चटका लावते. पण तिला इतिहास मानताना आपण फार घाई केली, असे मला वाटते.

ही हकीकत फरिश्त्याची. गड गेला १४०० च्या सुमारास. फरिश्ता लिहीत होता विजापुरात, सतराव्या शतकाच्या आरंभी. शिवाय अशाच डोल्या शेरशहाने १५३८ मध्ये रोहतासगड घेतल्याच्या कथेतही आहेत, आणि त्याचा चरित्रकार अब्बास सरवानी ती कथा साफ खोटी ठरवतो. किल्ला बदलतो, डोल्या त्याच!

फारुकी एवढे जबरही नव्हते. मलिक राजाला फिरोजशहा तुघलकाने १३७० मध्ये थाळनेरची जहागीर दिली. १३८२ पासून तो स्वतंत्र झाला. पण गुजरात, माळवा आणि बहमनी यांच्या कचाट्यातून हे घराणे कधी सुटले नाही. १४३७ मध्ये बऱ्हाणपूर जाळणारा आणि नसीरखानाला धुळ्याजवळच्या लळिंगपर्यंत रेटणारा खलफ हसन हा बहमनी सरदार होता. ‘इस्लामी आक्रमणाची लाट’ हा आपल्या पुस्तकांतला लाडका शब्दप्रयोग या प्रसंगाला कुठे लावायचा?

दुसरा पुरावा त्यांच्या स्वतःच्या हातचा आहे, आणि तो आपण पुरेसा वाचलेला नाही. रावेरपलीकडे, आज मध्य प्रदेशात असलेल्या बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत राजा अलीखानाने अरबीबरोबर संस्कृत लेखही कोरवला. त्यात निराकार सृष्टिकर्त्याला वंदन आहे, राजा मलिकापासूनची वंशावळ आहे, आणि काळ दिला आहे शक १५११, विक्रम संवत १६४६, पंचांगातल्या तपशिलासह. शहराचे नाव खुलदाबादला कबर असलेल्या सूफी बुऱ्हानुद्दीन गरीबांवरून. मशिदीतली कालगणना ब्राह्मण जोशाची.

यावरून फारुकी प्रेमळ होते, असे कोणी काढू नये. राजाने कोरवलेली वंशावळ ही राजाची जाहिरातच असते. पण ती जाहिरात संस्कृतात करावीशी वाटली, म्हणजे ती वाचणारा, निदान तिचे वजन जाणणारा माणूस दरबाराच्या हिशेबात होता. पुढे अकराच वर्षांनी, १६०१ मध्ये, अकबराने असीरगड घेतला आणि खानदेशाचे नाव शहजादा दानियालवरून ‘दानदेश’ ठेवले. ते टिकले नाही.