कुलवृत्तांतातील ग्रामनिश्चिती : एक आक्षेप

कुलवृत्तांतकार मूळगाव ठरविताना बहुधा नामसाम्यावर विसंबतात. ही पद्धत सदोष होय. मोडी लिहिण्यात ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाही, शब्द तोडले जात नाहीत आणि अनुस्वार वारंवार गळतो. त्यामुळे ‘चिचवड’ म्हणजे चिंचवड हे उलगडले, तरी ते पवनाकाठचे की कोल्हापूरकडील, हा प्रश्न उरतोच. नुसत्या ‘मौजे पिंपळे’ या निर्देशावरून गुरव, सौदागर आणि निलख या तीन पिंपळ्यांपैकी एकही निश्चित होत नाही. चाकणची गोष्ट याच्या उलट. १६६० मध्ये शायिस्तेखानाने तेथील किल्ला घेतल्यावर त्यास ‘इस्लामाबाद’ हे नाव मिळाले. पण मोगली अमलात मथुरा व चितगाव यांनाही तेच नाव होते. येथे केवळ नावावर भिस्त ठेवणारा संशोधक अवघे घराणे परमुलखात नेऊन ठेवील.

पूर्वी वंशावळीवर वतनाचे निवाडे होत. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात मोडी दप्तरे पुन्हा उघडली गेली आहेत. अशा वेळी चुकलेले गाव म्हणजे परक्याचा पूर्वज आपला ठरविणे होय. म्हणून परगणा, शिवेवरील गावे आणि पाटील-कुलकर्ण्यांची नावे यांची साक्ष जुळल्यावाचून कोणतीही ग्रामनिश्चिती प्रमाण मानू नये.