आफ्रिकेचे सचित्र नकाशे आणि संग्राहकांची रसिकता

जुने नकाशे जमविणाऱ्यांत आफ्रिका खंडाच्या नकाशांना मोठा मान आहे. कारण विचारले असता बहुधा एकच उत्तर मिळते : ते दिसावयास सुंदर असतात. हे उत्तर आम्हांस अपुरे वाटते. नकाशा भिंतीवर शोभतो हे खरे. परंतु प्रथमतः तो एक लेख आहे. त्यात विधाने केलेली असतात, आणि विधानांची परीक्षा करणे हे तर टीकेचे कामच होय.

सेबास्टियन म्युन्स्टर याने १५४० मध्ये बाझेल येथे प्रसिद्ध केलेला, लाकडी ठशावरून छापलेला नकाशा घ्यावा. दक्षिणेस भला थोरला हत्ती उभा आहे, झाडांवर पोपट आहेत, आणि पश्चिमेकडे एक एकाक्ष मनुष्य निवांत बसला आहे. हा एकाक्ष प्राचीन ग्रंथांतून आलेला. कोणा प्रवाशाने पाहिलेला नव्हे. तरीही म्युन्स्टरचा आम्हांस राग येत नाही. जे ऐकिवात होते ते त्याने मांडले, आणि त्या मांडणीत भाबडेपणा आहे.

विलेम ब्लाऊची गोष्ट निराळी. आम्स्टरडॅमच्या या नकाशाकाराने १६१७ च्या सुमारास काढलेल्या नकाशावर माथ्याशी नऊ नगरांची दृश्ये, दोन्ही कडांस नाना वेषांतील स्त्रीपुरुष, समुद्रात गलबते आणि भूमीवर हत्ती, सिंह, शहामृग आहेत. संग्राहक यासाठी जीव टाकतात, आणि ताम्रपटावरील ते कोरीवकाम पाहता त्यात नवल नाही. पण किनाऱ्यावर नावांची जी दाटी आहे ती खलाशांच्या अनुभवाची कमाई. किनारा सोडून आत जावे तसतशी माहिती संशयास्पद आणि प्राणी मुबलक होत जातात. नाईल नदी तर अद्याप टॉलेमीने सांगितलेल्या सरोवरांतूनच निघते ! कथा पुढे सरकेनाशी झाली की एखादा आख्यानकवी वनवर्णन आरंभितो, तसाच हा प्रकार आहे.

१७४९ मध्ये पॅरिसच्या दांव्हीलने हे वनवर्णन पुसले. ज्यास आधार नाही ते लिहावयाचे नाही, असे ठरवून त्याने खंडाच्या अंतर्भागाचा फार मोठा भाग कोरा ठेविला. सजावटीच्या शोधात असलेला संग्राहक या नकाशावरून सहज पुढे जातो. आमच्या मते मात्र या मालिकेतील हीच सर्वांत धीट कृती आहे. तथापि ‘ठाऊक नाही’ हे कोणाचे विधान, हेही विचारावयास हवे. तेथे राहणाऱ्यांस आपल्या नद्या व आपले बाजार ठाऊकच होते. १८८४-८५ मध्ये बर्लिन येथे युरोपीय सत्ता आफ्रिकेविषयी वाटाघाटींस बसल्या तेव्हा एकही आफ्रिकी प्रतिनिधी तेथे नव्हता. कोऱ्या जागेचा अर्थ निर्जन, बेवारशी जागा असा तोवर करून टाकण्यात आला होता.

शिवाय तो कोरेपणा फार काळ टिकलाही नाही. हिंदुस्थानच्या नकाशामुळे आपणांस परिचित असलेला जेम्स रेनेल याने मंगो पार्कच्या १७९९ च्या प्रवासवृत्तासाठी नकाशे केले, आणि पश्चिम आफ्रिकेत कोंग नावाची पर्वतरांग आडवी घातली. तशी रांग तेथे नाही. तरी नकाशाकार ती एकमेकांवरून उतरवीत राहिले. १८८८ मध्ये फ्रेंच अधिकारी बँझे प्रत्यक्ष कोंग नगरात पोहोचला तेव्हा तो पर्वत नाहीसा झाला. येथे हत्ती नाही, एकाक्ष नाही. सारे कसे संयत आणि शास्त्रीय! म्हणूनच हे असत्य अधिक काळ चालले.

जोहान्सबर्गचे शल्यचिकित्सक ऑस्कर नॉर्विच यांनी जमविलेले आफ्रिकेचे तीनशेहून अधिक नकाशे आता स्टॅनफर्ड विद्यापीठाकडे आहेत व इंटरनेटवर सर्वांस पाहता येतात. शिक्षकांनी उपरोक्त नकाशे तेथे क्रमाने पाहावेत. विकत घेणाऱ्यांस मात्र एवढेच सुचवितो की, रंगांना भुलू नये. पुष्कळदा ते विक्रीसाठी मागाहून भरलेले असतात. अॅटलासातून सुटे केलेले पान असेल तर चौकटीत बसविण्यापूर्वी त्याची पाठही वाचावी. मजकूर बहुधा तेथेच छापलेला असतो. आणि एकच नकाशा घेण्याची ऐपत असेल, तर कोंग पर्वताचा घ्यावा.