रहस्यपटाच्या भित्तिपत्रकातील दृश्यभाषा : 'व्हर्टिगो' (१९५८)

चित्रपटाचे भित्तिपत्रक हे जाहिरातीचे साधन मानले गेल्यामुळे मराठी चित्रपटसमीक्षेने त्याची फारशी दखल घेतलेली नाही. रहस्यपटाच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष खटकते. येथे भित्तिपत्रकाला परस्परविरोधी अशी दोन कामे करावी लागतात. प्रेक्षकाचे कुतूहल चाळवावयाचे, पण रहस्य फुटू द्यावयाचे नाही. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या 'व्हर्टिगो' या चित्रपटासाठी सॉल बास यांनी केलेले भित्तिपत्रक या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

नारिंगी-तांबड्या सपाट पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांचे एक आवर्त आहे. त्याच्या गर्भात तोल गेलेल्या दोन मानवाकृती दिसतात. शीर्षकाची अक्षरे कात्रीने ओबडधोबड कापल्यासारखी, ओळीत न बसणारी आहेत. छायाप्रकाश नाही, खोली दाखविणारे यथार्थदर्शन नाही. तरीही नजर आवर्ताच्या कडेवरून आत ओढली जाते आणि नायकाला उंचीचे जे भय वाटते त्याचा अनुभव पाहणाऱ्याला उभ्या जागी येतो. शीर्षकाचा अर्थ ठाऊक नसलेल्यालाही तो येथे कळतो.

परंतु या रचनेचे खरे सामर्थ्य आवर्तात नसून त्या दोन आकृतींतील भेदात आहे, याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. पुरुषाची आकृती काळ्या रंगाने भरलेली आहे. स्त्रीची मात्र केवळ बाह्यरेषा आहे, आत काहीच नाही. कथेत निवृत्त गुप्तहेर स्कॉटी मित्राच्या पत्नीवर पाळत ठेवतो, तिच्या प्रेमात पडतो आणि तिचा मृत्यू डोळ्यांदेखत पाहतो. पुढे भेटलेल्या ज्यूडीला तो मृत स्त्रीसारखे कपडे व केशरचना करावयास लावतो. वस्तुतः त्याने जिच्यावर प्रेम केले ती स्त्री म्हणजे कटासाठी सोंग वठविणारी ज्यूडीच होती. आधी एका पुरुषाने रचलेली आणि मग दुसऱ्याने पुन्हा घडविलेली स्त्री म्हणजे रिकामा आकार! बास यांनी रहस्य उघड्यावर मांडले आहे, पण चित्रपट पाहिल्यावाचून ते वाचता येत नाही.

जेम्स स्ट्युअर्ट आणि किम नोव्हाक हे त्या काळी लोकप्रिय कलावंत होते. तरी त्यांची नावे आहेत, चेहरे नाहीत. आपल्याकडील परंपरा नेमकी याच्या उलट दिशेने गेली. बाबूराव पेंटर यांच्या 'कल्याण खजिना' (१९२४) या चित्रपटाचे भित्तिपत्रक उपलब्ध भारतीय भित्तिपत्रकांतील सर्वांत जुने मानले जाते. तेथून दिवाकर करकरे यांच्या सुरीने रंग थापलेल्या ठसठशीत चेहऱ्यांपर्यंत, चेहरा हाच भित्तिपत्रकाचा प्राण राहिला. ही परंपरा कमअस्सल नव्हे; करकरे यांच्या चेहऱ्यांतील संताप एखाद्या प्रसंगाइतका बोलतो. पण रहस्यपटाला ती अडचणीची ठरते, कारण ठसठशीत रंगविलेला चेहरा नायक कोण आणि खलनायक कोण हे आधीच सांगून टाकतो. वसंत जोगळेकर यांच्या 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) या चित्रपटाच्या नावातच सावली आहे. मराठीला या दृश्यभाषेचे बीज परके नव्हते, हे त्यावरून ध्यानात यावे.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव यांसारख्या गावांत आज सार्वजनिक भित्तिचित्र म्हणजे चौकातला फ्लेक्स. तेथे चेहऱ्याचा आकार मानाप्रमाणे ठरतो : नेता मोठा, वाढदिवसवाला मध्यम, शुभेच्छुक रांगेने लहान. या चौकटीत डोळा घडलेल्या विद्यार्थ्याला बिनचेहऱ्याचे भित्तिपत्रक अपुरे वाटले, तर तो त्याचा दोष म्हणता येणार नाही.

'व्हर्टिगो'ला प्रदर्शनाच्या वेळी साधारणच प्रतिसाद मिळाला. २०१२ मध्ये 'साइट अँड साउंड'च्या समीक्षक-कौलात तो प्रथम आला. तेव्हा यशस्वी भित्तिपत्रक म्हणजे गर्दी खेचणारे भित्तिपत्रक, हा व्यापारी निकष येथे फारसा उपयोगी पडत नाही. आता हे भित्तिपत्रक बहुधा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर, टपाल तिकिटाएवढ्या आकारात पाहिले जाते. त्या आकारातही नारिंगी पार्श्वभूमी, आवर्त आणि काळा पुरुष स्पष्ट राहतात. स्त्रीची बारीक रेषा तेवढी दिसेनाशी होते.