खांब कुणाचे, खांदे कुणाचे?

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात, नदीकाठच्या उंच कड्यावर नॅचेझ नावाचे छोटे शहर आहे. १९३२ पासून तेथील गार्डन क्लबच्या गोऱ्या स्त्रिया दर वसंतात जुन्या हवेल्या पाहुण्यांना दाखवीत आल्या. या सोहळ्याचे नाव 'पिलग्रिमेज', म्हणजे यात्रा. यात्रा म्हटली की दैवत आले. येथील दैवत कोणते? पांढरे उंच खांब, झुंबरे आणि घेरदार झग्यातल्या यजमानिणी!

हे सौंदर्य खोटे आहे असे मी म्हणणार नाही. १८५७ साली पुरा झालेला स्टॅण्टन हॉल देखणाच आहे. प्रश्न एवढाच, की हे देखणेपण कशावर उभे आहे? उत्तर शहराच्या कडेला सापडते. फोर्क्स ऑफ द रोड या तिठ्यावर १८३० नंतरची तीन दशके माणसांचा बाजार भरत होता. येथे विकली गेलेली माणसे कापूस वेचीत राहिली आणि त्या कापसाचा पैसा खांब होऊन उभा राहिला. १८६३ साली संघसेना आली, बाजार बंद झाला. हवेल्या राहिल्या, माणसे कोंडण्याच्या कोठड्या मात्र राहिल्या नाहीत. ही जागा राष्ट्रीय उद्यान खात्याच्या ताब्यात आली २०२१ साली, हवेल्यांची यात्रा सुरू झाल्यावर ८९ वर्षांनी!

म्हणूनच मला लाँगवूड ही अपुरी हवेली सर्वांत प्रामाणिक वाटते. १८६० साली बत्तीस खोल्यांच्या या अष्टकोनी वास्तूचे काम सुरू झाले. १८६१ साली यादवी युद्ध पेटले आणि उत्तरेकडचे कारागीर परतले. तळाच्या ९ खोल्या तेवढ्या पुऱ्या झाल्या. वरच्या मजल्यांवर आजही उघड्या विटा आहेत. गिलावा नाही, म्हणून तेथे राबणारे हात दिसतात.

चर्चची गोष्ट वेगळी. गोऱ्या प्रेसबिटेरियनांनी बांधलेली एक इमारत युद्धानंतर काळ्या मंडळीने विकत घेतली. तेच झायन चॅपल. तेथे धर्मोपदेशक असलेले हायरम रेव्हेल्स १८७० साली अमेरिकन सेनेटचे पहिले काळे सभासद झाले. भिंती त्याच, आत बसणारा बदलला आणि वास्तूचा अर्थ बदलला.

पण आणखी एक घर आपल्याला अस्वस्थ करते. विल्यम जॉन्सन गुलामीत जन्मला, मुक्त झाला, न्हाव्याच्या धंद्यावर त्याने विटांचे घर बांधले, सोळा वर्षे रोजनिशी लिहिली. आणि स्वतःही गुलाम बाळगले. मुक्त झालेला माणूस मालकाचाच नमुना गिरवू शकतो. आपल्यातील नव्या शिकलेल्या वर्गाने हे घर टाळू नये.

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना. तेव्हा नॅचेझ आपल्याला परके नाही. आपणही जुना वाडा दिसला की 'कुणाचा?' असे विचारतो आणि मालकाचे नाव ऐकून समाधान पावतो. दगड कुणी वाहिले, त्यांना त्या चौकात पाऊल टाकता येत होते काय, हे विचारल्याशिवाय सौंदर्याची चर्चा पुरी होत नाही. ती मालकाची भाटगिरी ठरते.